कोरड्या तळ्यातलं आरमार

गेल्या हिवाळ्यात नातवानं मला समुद्रकाठच्या एका शहरात जुन्या लाकडी जहाजाची प्रतिकृती दाखवायला नेलं. धक्क्याला बांधलेलं ते जहाज नवंकोरं होतं आणि जुनं दिसावं म्हणून त्यावर पुष्कळ खर्च झालेला दिसत होता. खलाशाच्या वेशातला एक तरुण शिडीपाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सलाम ठोकत होता. कमरेला तलवार आणि पायात पांढरे कापडी बूट. नातू म्हणाला, "आजी, चढ ना, तुला इतिहास आवडतो." मी म्हटलं, "इतिहास आवडतो. त्याचं सोंग नाही आवडत." तो वर जाऊन आला, तोवर मी बाकावर बसून शेंगा खाल्ल्या. माझे गुडघे दुखत असावेत असं समजून परतीच्या वाटेवर त्यानं माझी फार काळजी घेतली. गुडघे दुखतच असतात. पण मी बसून राहिले होते ती रागानं. हा राग माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे आणि तब्येतीनं माझ्याहून पुष्कळ चांगला आहे.

आमचं गाव वांकिडीच्या अलीकडे, चांद्याला जाणाऱ्या सडकेवर. बापूंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं किराणा दुकान होतं. निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता. त्यामुळे समुद्राशी आमचा संबंध मिठाच्या पोत्यापुरता. पावसाळ्यात ते पोतं आपसूक ओलं व्हायचं, त्याच्याखाली खारट डबकं साचायचं आणि बापू ते फडक्यानं टिपत म्हणायचे, "आला पाहा समुद्र." दुकानामागं घर. पहाटे जात्याच्या घरघरीनं जाग यायची, आणि त्या घरघरीच्या वर सरू आत्याचा आवाज. आत्या बापूंची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घर तिनं चालवलं. आई थापायची, आत्या बोलायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि तोंडी लावायला आत्यानं गावातल्या कुणाचा तरी केलेला पाणउतारा. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं मराठी, तेलुगू, गोंडी, हिंदी अशी खिचडी शिजायची, आणि महसुलाचा माणूस आला की त्यात उर्दूची फोडणी पडायची. बापू या सगळ्या भाषांत "शिल्लक नाही" म्हणू शकत. त्यांच्या विद्वत्तेचं गावाला कौतुक होतं.

निजाम गेला, तेव्हा चावडीतली तसबीर बदलली. खिळा तोच राहिला. मग काही वर्षांनी बातमी आली की राज्यं पुन्हा वाटली जाणार आहेत, या वेळी भाषेवरून. आम्ही महाराष्ट्रात जाणार की तेलुगूवाल्यांकडे, यावर दुकानापुढच्या ओट्यावर रोज भांडण व्हायचं. आत्या आतून ओरडायची, "आरे, तुमाले इचारलं हाये काय कोनी? मंग काऊन गळे काढून राह्यले?" राजकारणावर मी पुढं जाडजूड ग्रंथ वाचले. त्या प्रश्नाच्या पलीकडे गेलेला एकही सापडला नाही.

माझी चौथी त्याच सुमारास संपत आली होती. आमची मराठी शाळा चावडीच्या पडवीत भरायची आणि चौथीपर्यंतच होती. पोरं पुढं तालुक्याला जायची, कुणा नातेवाइकाकडे राहायची. पोरींना कुणी तालुक्याला पाठवत नसे; पोरी पाचवीऐवजी सासरी जायच्या. शिक्षणखात्याचा साहेब येऊन सांगून गेला होता की वेगळी खोली दाखवा, पाचवी देतो. मला पाचवी हवी होती. किती हवी होती, हे आज सांगताना हसू येतं. दुकानात पुड्या बांधायला आलेली रद्दी मी पुडी बांधण्याआधी वाचून काढायची, आणि एखादी गोष्ट अर्ध्यावर तुटली की गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन हळदीची पुडी उलगडून उरलेली वाचून यायची. बापूंनी हे पाहिलं होतं. शाळेच्या खोलीसाठी गावात फिरले ते बापूच. चांगलं लाकूड मिळणं कठीण; जंगलातला साग सरकारचा. म्हणून ठरलं की प्रत्येक घरानं आपल्या गोठ्यातली, ओसरीतली एकेक सागवानी तुळई काढून द्यायची. लोकांनी दिली. छपरं खाली आली, त्यांना बांबूचे टेकू लागले, बैल उन्हात बांधले गेले, पण दिली. आमच्या घरातून ओसरीची तुळई गेली. तिला पाळण्याचा दोर बांधत; बापू, आत्या आणि मी त्याच दोराला झोपलो होतो, आणि दोरानं लाकडात बोट बसेल एवढी खाच पाडली होती. काढताना आई रडली. आत्या म्हणाली, "रडते काऊन व? पाळन्यातली पोट्टी शाळेत चालली, तं पाळन्याची तुळई मांगून चालली. सोबत होईन."

तुळया चावडीपुढं रचून ठेवल्या होत्या. तिथंच त्या तहसीलदारांच्या नजरेला पडल्या.

हे तहसीलदार नवे होते, बाहेरून आलेले, खादीचे कपडे परीटघडीचे. त्यांच्यापर्यंत वरून एक कल्पना आली होती, आणि वरून आलेल्या कल्पनेचं खाली काय करायचं याची त्यांना भयंकर घाई होती. कल्पना अशी: निजामाच्या राज्यातल्या लोकांनी कधी समुद्र पाहिला नाही, आता ते विशाल देशात सामील झाले आहेत, तेव्हा देशाच्या सागरी पराक्रमाचं दर्शन त्यांना घडवावं. जुन्या काळच्या तीन जहाजांच्या लाकडी प्रतिकृती उभ्या कराव्यात, आत माणसं फिरू शकतील एवढ्या मोठ्या. मंत्रिमहोदय उद्घाटनाला येतील. जहाजांमागं पाणी दिसलं तर शोभा येईल, आणि त्या टापूत सडकेला लागून मोठं तळं होतं फक्त आमचं. तहसीलदारांनी तुळयांवर छडीची मूठ वाजवून पाहिली. बापूंना म्हणाले, "शेटजी, राष्ट्रकार्य आहे. प्रदर्शन संपलं की लाकूड परत." बापूंच्या गळ्यात हार घातला. बापू त्या दिवशी घरी आले ते हार न काढता. आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हार घालून कोनाले नेतात, मालूम हाये ना तुले?"

"अवो बाई, सरकार आपलं हाये आता."

"आपलं हाये तं आपलं लाकूड काऊन नेते?"

निर्मलहून कारागीर आले. खेळणी करणारी ती माणसं. हलक्या लाकडाचे आंबे, मोर, सीताफळं इतकी सुंदर करायची की पोरं चावायला जायची. त्यांनी समुद्र आमच्याइतकाच पाहिला होता. त्यांना तीन चित्रं दिली गेली: एक मराठ्यांच्या आरमारातली गुराब, एक अरबांचं व्यापारी गलबत, एक फिरंग्यांचं तीन डोलकाठ्यांचं जहाज. त्यांनी ती मन लावून केली. गुराबेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पोपट बसवला, कारण तिथं काहीतरी हवं होतं आणि पोपट त्यांना फार चांगला येत होता. बाजूच्या फळ्यांवर सोनेरी वेलबुट्टी काढली. लढाऊ जहाज रुखवतात मांडण्याजोगं दिसू लागलं. कारागिरांवर माझा राग नाही. त्या सगळ्या प्रकारात काही सुंदर असेल तर तो पोपट होता.

मंत्र्यांची तारीख पुढं ढकलत गेली आणि तळं रोज आटत गेलं. उद्घाटनाच्या दिवशी तिन्ही जहाजं भेगाळलेल्या चिखलात उभी होती आणि त्यांच्यामागं जिथं समुद्र दिसायचा तिथं म्हशी बसल्या होत्या. तहसीलदारांनी म्हशी हाकलायला शिपाई पाठवला. म्हशी उठल्या नाहीत. आम्हा शाळेच्या पोरांना बांबूची वल्ही देऊन दोन रांगांत उन्हात उभं केलं होतं. मंत्री येताच वल्ही मारत समुद्राचं गाणं म्हणायचं. मंत्री येईतो सावल्या पायाखाली आल्या. माझ्या पुढची पोर घेरी येऊन पडली. मास्तरांनी तिला उचलून गुराबेच्या सावलीत निजवलं आणि रांगेतली जागा भरून काढायला आम्हाला पुढं सरकायला सांगितलं. मग मोटारी आल्या, बँड वाजला, आम्ही धुळीत वल्ही मारली. मंत्री हिंदीत बोलले. आजपासून हा अथांग सागर तुमचा आहे, असं त्यांनी चिखलाकडे हात करून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील. हातात वल्हं होतं, म्हणून खात्री नाही.

दुसऱ्या दिवसापासून जहाजं लोकांना खुली झाली. गावोगावच्या बैलबंड्या येऊन तळ्याकाठी सुटू लागल्या. दशम्या आणि ठेचा बांधून माणसं आरमार पाहायला आली. आम्हीही गेलो. शिडीपाशी बायांनी चपला काढल्या. ज्यात देवाच्या मिरवणुकीसारखे रंग आहेत त्यात चपला घालून कसं जायचं? कुणीतरी नाळेला हळदकुंकू लावलं होतं. एकीनं पोपटापुढं नारळ ठेवला होता. आत माहिती सांगायला तहसिलीतला एक कारकून होता, त्यानं माहिती पाठ केली होती.

"इच्यात चूल कुठं मांडते?" आत्यानं विचारलं.

"चुलीची माहिती नाही, बाई. या तोफा पाहा."

"तोफा पाह्यल्या. पानी प्यायचं कुठून आनते?"

"पाणी बरोबर न्यावं लागतं. समुद्राचं खारट असतं."

"येवढ्या पान्यात राहून पानी घरून न्या लागते?" आत्या आईकडे वळली. "पाह्य व, सरकारी काम असंच असते."

मागच्या बाया हसल्या आणि कारकून रागानं पुढं सरकला. आम्ही खाली, जहाजाच्या पोटात उतरलो. तिथं अंधार होता, नव्या रंगाचा वास होता, आणि वरच्या फळ्यांना आडवी धरून ठेवणारी एक तुळई होती. आत्यानं हात वर केला, तो सवयीनं, ओसरीत करायची तसा, आणि बोट खाचेत गेलं. तिनं माझा हात धरून वर नेला, मला उचलून धरलं, आणि माझं बोट त्या खाचेत घातलं. तुळई मधोमध कापलेली होती. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते आम्हाला बाहेर दिसलं: डोलकाठीच्या बुडाशी त्याच्या पाचरी मारल्या होत्या.

वर आल्यावर आत्या बापूंना सगळ्यांसमोर म्हणाली, "परत देतो म्हने. कापलेली तुळई परत घेऊन काय पाटी बनवतं काय पोट्टीची?"

"बाकीच्या हायेत ना शाबूत," बापू म्हणाले. "छप्पर होते त्याच्यात." आणि ते खरं होतं. कापल्या होत्या तीनचार. बाकीच्या अख्ख्या होत्या, जहाजांच्या बरगड्या होऊन उभ्या.

प्रदर्शन संपलं. पाचवी त्या जूनला उघडली नाही. बापू लाकूड मागायला तालुक्याला गेले, तर तहसीलदारांची बदली झालेली. त्यांच्या जागचे साहेब म्हणाले, जहाजं सरकारी मालमत्ता, मोडायला वरचा हुकूम लागतो. पावसात तळं भरलं. जहाजांभोवती पाणी आलं, तेव्हा सारं गाव काठावर जमलं, की आता तरी ती हलतील. ती जमिनीत पुरलेल्या खांबांना खिळ्यांनी ठोकलेली होती. बेडकं मात्र आत राहायला गेली आणि रात्रभर आरमारातून ओरडत राहिली. मग दिवाळीच्या सुमाराला राज्यच गेलं. ज्या सरकारची जहाजं होती ते सरकार मोडलं, आमचा जिल्हा आंध्राकडे गेला, आणि बापू पुन्हा तालुक्याला गेले तेव्हा तिथल्या तेलुगू साहेबांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस भला होता. म्हणाला, "शेटजी, ये जहाज मेरे चार्ज में ही नहीं आया. जो चीज मेरे पास नहीं, वो मैं कैसे दूँ?" बापूंनी विचारलं, मग ते कुणाचं? तो हसला. पण जाताना त्यानं एक गोष्ट सांगितली. मराठी शाळा चालू राहतील. "कमरा दिखाओ, पाँचवीं ले लो."

म्हणजे लाकूड आता कुणाचंच नव्हतं, आणि तरीही आमचं मात्र नव्हतं. मी आयुष्यात पुढं पुष्कळ सरकारी विनोद ऐकले. त्यांत एवढा घट्ट विणलेला दुसरा नाही. घरात मात्र कुणी हसत नव्हतं. मी वर्षभर घरी होते, आणि आईच्या माहेराकडून माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. बापू म्हणत होते, पुढच्या जूनपर्यंत थांबू. त्या 'पुढच्या जूनपर्यंत' या शब्दांवर माझं सगळं टांगलेलं होतं.

आमच्याकडे होळीची एक रीत होती. होळीच्या आधी गावची पोरं लाकडं चोरायची: कुणाचं मोडकं दार, कुणाची बाज, बंडीचं चाक. चोरलं की तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकायची, म्हणजे गावाला कळायचं की ही चोरी नाही, हे होळीसाठी आहे. मग मालकानं चौकी-पाटलाकडे जायचं नाही, आणि होळीत टाकलेलं लाकूड उचलून न्यायचं नाही. ज्याची बाज गेली तोही रात्री होळीपुढं नैवेद्य घेऊन यायचा. या रीतीला निजामाचे अंमलदारही हात लावत नसत.

बापूंना युक्ती सुचली. दिवसा जहाज मोडलं तर सरकारी मालमत्तेची चोरी. होळीला मोडलं तर होळी. पोलीस पाटील धोंडबाकाका गावातलेच. ते कानाडोळा करतील. फळ्या, डोलकाठ्या, रंगवलेला कचरा होळीत टाकायचा आणि अख्ख्या तुळया बाजूला काढून चावडीमागं ठेवायच्या. बापूंनी हे फक्त मास्तरांना आणि दोघातिघांना सांगितलं, आणि मला. मला का सांगितलं, तर मला झोप येत नसे म्हणून.

होळीच्या दुपारी गाव कुऱ्हाडी घेऊन तळ्यात उतरलं. तोवर तळं पुन्हा आटलं होतं. असा आनंद मी त्या गावात पुन्हा पाहिला नाही. बोंबा मारत, मंत्र्याच्या भाषणाच्या नकला करत लोकांनी तिन्ही जहाजं फोडली. वर्षाचा राग प्रत्येकाच्या हातात होता. बंड्या भरून लाकूड गावात आलं, मारुतीपुढच्या मैदानात ढीग चढला, वर चाकोल्यांच्या माळा पडल्या. पोरी आठवडाभर शेणाच्या त्या चकत्या वाळवत होत्या. दिवस मावळताना बापू ढिगाकडे गेले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "चला, सागाच्या तुळया तेवढ्या बाजूले घ्या."

कुणी हललं नाही.

"घ्या ना. शाळेच्या हायेत."

धोंडबाकाका पुढं आले. त्यांच्याही गोठ्याची तुळई त्या ढिगात होती. त्यांची म्हैस वर्षभर उन्हात होती. ते म्हणाले, "शेट, होळीच्या नावानं बोंबललो आपन. आता घरी कशा न्याच्या?"

"धोंडबा, आपल्याच हायेत त्या. तुमी देल्या, मी देल्या."

"आपल्या होत्या तं आपल्या म्हनून आना लागत होत्या. दिवसा. कोनी पकडलं असतं तं जेलात गेलो असतो संगं. होळीच्या आडून काऊन आनल्या?"

बापू लोकांकडे पाहू लागले. ज्यांनी पोटच्या पोरासारखी जपलेली लाकडं शाळेसाठी काढून दिली होती तीच ही माणसं; ती जमिनीकडे पाहत होती. एक म्हातारी म्हणाली, होळीतलं उचललं आन् गावावर माता आली तं? आणखी कुणी म्हणालं, एका वर्षानं काय बिघडते, शाळा पुढच्या साली बांधू. मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी लाकूड कुठून आणणार? त्यांचं कोण ऐकणार, ते परगावचे होते. आत्या गर्दीतून घुसून ढिगापाशी गेली, एका तुळईचं टोक धरून ओढू लागली. तिच्यानं हलेना. "या ना बे कोनी!" ती ओरडली. "एक तरी मानूस या!" बापू गेले. दोघांनी ओढली. ती बरगडी पुष्कळ खाली अडकलेली होती. मग धोंडबाकाकांनी दोघांचे हात हळूच, अगदी आदरानं, सोडवले, आणि पोरांना खूण केली.

साग पटकन पेटत नाही. पेटला की थांबत नाही. सोनेरी वेलबुट्टी आधी काळी झाली, मग रंगाचे फोड आले, मग ज्वाळा मारुतीच्या कळसाइतक्या चढल्या आणि सगळीकडे तेलकट, गोड वास पसरला. बायांनी पुरणपोळीचे नैवेद्य टाकले. आईनंही टाकला. ज्यांनी आम्हाला लुटलं त्यांतलं तिथं कुणीच नव्हतं. तहसीलदार कुठल्या दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात हार घालत असतील. तिथं होते ते सगळे चांगले लोक. दिलेला शब्द पाळणारे, रीत न मोडणारे. मी आजवर बदमाश माणसांवर बराच राग खर्च केला, पण तो वरवरचा. खालचा सगळा या चांगल्या लोकांसाठी राखून ठेवलेला आहे. पाचवीची परीक्षा मी दिली ती तीन मुलं झाल्यावर, बाहेरून, माझ्याच पोरीच्या वर्गातल्या बाकावर बसून.

होळी पूर्ण पेटली की आमच्याकडे ज्याच्यावर राग असेल त्याच्या नावानं बोंब मारायची मुभा असते. सावकार, शिपाई, सासरा, कुणीही. त्या रात्रीपुरतं कुणी मनावर घेत नाही. ते पुरुषांचं काम. बाया बोंब मारत नाहीत, पोरी तर नाहीच. पुरुष तहसीलदाराच्या नावानं बोंबलत होते, मंत्र्याच्या नावानं बोंबलत होते. मी आत्याचा हात सोडला आणि पुढं गेले, इतकी पुढं की चेहरा भाजू लागला. मग वळून ज्वाळांकडे पाठ केली. समोर गाव होतं. सगळे ओळखीचे चेहरे, लाल झालेले. मी उलटा हात तोंडावर धरला, आपल्या गावाचं नाव घेतलं आणि जीव खाऊन बोंब ठोकली.

मग कुणीतरी हसलं, "शाब्बास पोट्टे!" म्हणालं, आणि सगळ्या गावानं हात तोंडावर नेऊन, रीतीप्रमाणं, मला साथ दिली.